कागद वाचता येण्याचा हक्क : कर्नाटक विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशनासाठी येणाऱ्या कर्नाटक विधानसभा व विधान परिषदेच्या सन्माननीय सदस्यांस,

सविनय नमस्कार.

दर हिवाळ्यात आपण बेळगावात येता आणि काही दिवस या राज्याची सत्ता बेंगळुरूहून उठून आमच्या हलगा-बस्तवाडच्या शिवाराशेजारी मुक्काम करते. २०१२ साली सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले, त्यापूर्वीही शहरात अधिवेशने भरली होती, त्यामुळे आपले येणे आम्हांला नवे नाही. त्या दिवसांत उपोषणाचे मंडप पडतात, मेळाव्यांवर बंदी येते, सीमाप्रश्नावर दोन्ही बाजूंनी घोषणा होतात आणि अधिवेशन उठले की सगळे पूर्ववत होते. या गदारोळात एक साधी मागणी मागे पडत आली आहे, आणि तीच घेऊन मी आपल्यासमोर येत आहे. ज्या तालुक्यांत, शहरांत व गावांत मराठी भाषिक लोकसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तेथे जमिनीचा उतारा, वारसा आणि फेरफाराच्या नोटिसा, भूसंपादनाच्या अधिसूचना, मतदार यादी आणि स्थानिक संस्थांच्या करपावत्या कन्नडबरोबर मराठीतही मिळाव्यात. कन्नड काढून टाकावी असे आमच्यापैकी कोणीही म्हणत नाही. तिच्या शेजारी मराठीला जागा हवी, एवढेच मागणे आहे.

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे, कारण राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार दिला आहे. मला कन्नड लिहिता-वाचता येते. बेळगाव तालुक्यातील प्राथमिक शाळांत मी शिक्षक होतो आणि निवृत्तीनंतर गल्लीतल्या लोकांचे अर्ज लिहून देणे, त्यांना आलेले कागद वाचून दाखवणे हे काम आपोआप माझ्याकडे आले. म्हणूनच, कागद वाचता न येणाऱ्या माणसाची गत काय होते हे मला जवळून ठाऊक आहे.

मी मागतो आहे ती सवलत नवी नाही. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि चंदगड तालुका वगळून सगळा बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात घालण्याची शिफारस झाली. रेघ कुठेही ओढली तरी तिच्या दोन्ही अंगांना परभाषिक माणसे उरणार, हे दिल्लीत सर्वांनाच दिसत होते. त्यामुळे १९५६ सालीच सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब हे अनुच्छेद आले. पहिल्याने अल्पसंख्याक भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली, तर दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. त्याच वर्षी केंद्र सरकारने संसदेपुढे ठेवलेल्या निवेदनात असे मान्य केले होते, की एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध करावेत. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचे राज्य बदलले, ते हा शब्द घेऊन बदलले. त्याच वर्षीच्या १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार होऊन माणसे मारली गेली होती, आणि आजही त्या दिवशी आम्ही हुतात्म्यांना अभिवादन करतो. सीमेबाबतचे आमचे म्हणणे तेव्हा मान्य झाले नाही, पण निदान कागद आमच्या भाषेत मिळेल असे सांगितले गेले होते.

सत्तेचा इतिहास आपण बहुधा लढायांनी आणि राजघराण्यांनी मोजतो. बेळगावच्या किल्ल्यात उभे राहिले तर तो इतिहास चारी बाजूंनी दिसतो. रट्ट राजघराण्याच्या काळात, १२०४ साली, उभी राहिलेली कमल बस्ती तेथे आहे. आदिलशाही सरदार असदखानाच्या काळातली सफा मशीद आहे. १८१८ साली जनरल मन्रोने किल्ला घेतल्यानंतरच्या इंग्रजी अमलाच्या खुणा आहेत आणि आज भारतीय लष्कर आहे. पण शिवारातल्या माणसाला राज्य बदलल्याचे कळते ते तोफांच्या आवाजाने कळत नाही. त्याच्या दारात नवा कागद येतो, त्यावर नवा शिक्का असतो, आणि तो कागद कोण वाचून सांगतो यावर त्याची जमीन टिकणार की जाणार हे ठरते. माझ्या मते या भागातल्या गेल्या दोनशे वर्षांच्या अन्यायाची मुळे तलवारीपेक्षा कागदात अधिक सापडतात.

कित्तूरचेच पाहा. १८२४ च्या सप्टेंबरात शिवलिंगरुद्र सर्जा देसाई निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतल्याचे पत्र धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे याच्याकडे गेले आणि थॅकरेने त्या पत्रावर विश्वास ठेवला नाही. एका कागदाच्या खरेखोटेपणावरून संस्थानाचे भवितव्य टांगले गेले. राणी चन्नम्मांनी शस्त्र उचलले, ऑक्टोबरात थॅकरे मारला गेला, डिसेंबरात कित्तूर पडले आणि राणी १८२९ साली बैलहोंगलच्या कैदेत वारल्या. त्यांच्यामागे संगोळ्ळी रायण्णांनी जे बंड केले त्यात त्यांनी सावकारांचे वाडे लुटले तसेच सरकारी कचेऱ्यांवरही हल्ले केले. खानापूर तालुक्यातील बिडीच्या कचेरीला आग लावण्यात आली, आणि ही आग का लागली हे समजून घेतले पाहिजे. शेतकऱ्याची इनामे बुडवणारी, सारा वाढवणारी आणि त्याला स्वतःला न वाचता येणारी दप्तरे तेथे होती. रायण्णांना १८३१ साली नंदगड येथे फाशी दिले. नंदगड हे मराठीभाषिकांचे मोठे गाव आहे. रायण्णा कन्नड मुलखातले, पण त्यांच्या समाधीजवळच्या वडाखाली आमच्याकडची माणसे तितक्याच श्रद्धेने जातात, आणि ती कुठल्या भाषेत हात जोडतात हे तेथे कोणी विचारत नाही.

पुढे १८४३ पासून याच दक्षिण मराठा मुलखात इनाम चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के अधिकार मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या आणि तिचे उत्पन्न खाणाऱ्या कुटुंबांना सनद दाखवा असे सांगण्यात आले. काहींच्या सनदा वाळवीने खाल्ल्या होत्या, काहींच्या लुटीत गेल्या होत्या, तर काहींना त्या कधी लेखी मिळाल्याच नव्हत्या. ज्यांना कागद दाखवता आला नाही त्यांची इनामे गेली. १८५८ साली नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी केलेल्या उठावामागे दत्तकाची नामंजुरी होती, पण भोवतालचा मुलूख पेटायला तयार होता तो या चौकशीने पोळलेला असल्यामुळे.

वर राज्य कोणाचेही असो, गावात मात्र कुळकर्ण्याचेच राज्य चाले. त्याला लिहिता येत होते आणि बाकीच्यांना येत नव्हते, एवढ्या एका गोष्टीवर त्याची सत्ता उभी होती. कुळकर्ण्याच्या लेखणीने नाडलेल्या शेतकऱ्याचे दुखणे महात्मा फुल्यांनी मांडले, आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुळकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. आज आपल्या बेळगाव जिल्ह्यात असलेला रायबाग तालुका तेव्हा कोल्हापूर संस्थानात होता, म्हणजे तो बदल या जिल्ह्याच्या मातीतही झालेला आहे. तलाठी आला, पण शाहू महाराज तेवढ्यावर थांबले नव्हते. त्यांनी आधीच १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला होता. नोकर बदलला तरी रयतेला स्वतःला वाचता आले नाही तर नवा नोकर जुन्याच्या गादीवर बसेल, हे त्यांनी ओळखले होते. माझ्या दृष्टीने न्यायाची याहून नेमकी समज या मुलखात कोणत्याही राज्यकर्त्याने दाखवली नाही.

आता एक गोष्ट, जी मराठी लोक अशा पत्रांत सहसा लिहीत नाहीत, ती लिहिणे मला आवश्यक वाटते. पेशवाईच्या अमलात आणि पुढे मुंबई इलाख्यात, धारवाड व बेळगाव भागातल्या कन्नड माणसाला हाच त्रास मराठीमुळे झाला. दप्तर मोडीत, कारकून मराठी आणि सरकारी शाळेत शिकवणेही मराठीत, अशी स्थिती धारवाडसारख्या अस्सल कन्नड मुलखात होती. ब्रिटिश अधिकारी वॉल्टर एलियटने धारवाडात कन्नड शाळा काढली, डेप्युटी चन्नबसप्पांनी शिक्षण खात्यात राहून कन्नड शाळांसाठी जन्म वेचला, आणि १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला तो याच कोंडीतून वाट काढण्यासाठी. आपल्या भाषेत शिकता यावे, आपल्या भाषेतला कागद हाती यावा ही त्यांची मागणी होती आणि ती शंभर टक्के न्याय्य होती. त्या काळी धारवाडच्या एखाद्या लिंगायत शेतकऱ्याला मोडीतला कागद हातात धरून कारकुनापुढे उभे राहताना जे वाटले असेल, तेच आज येळ्ळूरच्या, उचगावच्या, जांबोटीच्या शेतकऱ्याला वाटते. आपण धारवाडच्या त्या शेतकऱ्याचे वारस आहात. म्हणून हे गाऱ्हाणे समजायला आपल्याइतके जवळचे दुसरे कोणी नाही, असे मी मानतो.

बेळगावने दोन्ही भाषांची स्वप्ने आपल्या अंगणात पाहिली आहेत. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन, आणि त्याचे यजमानपण गंगाधरराव देशपांडे यांच्याकडे होते. त्याच वेळी येथे कर्नाटक एकीकरणाची परिषद झाली आणि एक कन्नड राज्य व्हावे ही आकांक्षा बोलून दाखवली गेली. पुढे १९४६ साली याच शहरात मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी तेथे ठरावाच्या रूपाने पुढे आली. बावीस वर्षांच्या अंतराने, एकाच गावात, दोन समाजांनी एकच गोष्ट मागितली : आमचा कारभार आमच्या भाषेत चालावा. आपली मागणी पूर्ण झाली, याचा मला आनंद आहे. आमची मागणी राहिली. ती पूर्णपणे केव्हा आणि कशी सुटेल हे सर्वोच्च न्यायालय ठरवील, पण तिचा एक तुकडा आज आपल्या हातात आहे.

आमच्या शेजारच्या गल्लीतील एक आजी मध्यंतरी एक लांब तपकिरी पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या. पाकिटाला हळद-कुंकू लागले होते, कारण पोस्टमनने दिल्यापासून त्यांनी ते देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे जपून ठेवले होते. सरकारी कागद, हरवायला नको, म्हणून. मुलगा गोव्यात कामाला, सून माहेरी, नातू लहान. “गुरुजी, एवढं काय लिवलंय बघा,” असे म्हणून त्यांनी पाकीट पुढे केले. नोटीस एका कचेरीतून आली होती आणि ती पूर्ण कन्नडमध्ये होती. त्यांचे पती वारल्यानंतर जमिनीवर कोणाची नावे चढवायची याबद्दल दिरांच्या मुलांनी अर्ज केला होता, आणि त्यात आजींचे नाव नव्हते. कोणाची हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी, असे शेवटच्या ओळीत होते. मी तारीख पाहिली. मुदत उलटून गेली होती. आजींना सही करता येते, मराठी वर्तमानपत्र त्या चष्मा लावून वाचतात, हप्त्याच्या वहीत स्वतः आकडे मांडतात. त्यांना निरक्षर म्हणता येणार नाही. पण तसबिरीमागे तो कागद होता तेवढे दिवस राज्याच्या लेखी त्या निरक्षर होत्या. आता अपील, वकील, तारखा. नोटीस मराठीत असती तर त्याच संध्याकाळी त्यांनी दिरांच्या दारात जाऊन जाब विचारला असता, आणि घरातला वाद घरातच मिटला असता.

असे कागद माझ्या समोर वरचेवर येतात. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना हरकत नोंदवायला २१ दिवस मिळतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे, आणि प्राथमिक अधिसूचना ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत स्थानिक भाषेत लावावी असे त्याच कायद्यात लिहिले आहे. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातले बासमती भाताचे शेतकरी रस्त्यावर उतरले, ते आपण पाहिले आहे. रस्ता हवा की नको यावर मतभेद असू शकतात. पण दोन-दोन पिके देणारी जमीन ज्याची जाणार त्याला पहिल्या दिवशी, स्वतःच्या डोळ्यांनी वाचून कळले पाहिजे की कोणता सर्व्हे नंबर, किती गुंठे, आणि हरकत कोणाकडे द्यायची. २१ दिवसांतले आठ-दहा दिवस कागद वाचून देणारा माणूस शोधण्यात गेले, तर कायद्याने दिलेला हक्क आपण अर्धा कापून दिला असे होते.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते मी ऐकले आहेत. कर्नाटकात राहायचे तर कन्नड शिका, हा पहिला. शिकावीच, आणि आमची मुले शिकतही आहेत. आज बेळगावच्या बाजारात दुकानावर बसणारा कोणताही मराठी मुलगा सहज कन्नड बोलतो. पण ज्यांच्या नावावर जमिनी आहेत त्यातले पुष्कळ जण साठीच्या पुढचे आहेत, मराठी शाळेत चौथी-सातवी शिकलेले आहेत, आणि त्या शाळा याच राज्याने चालवल्या. राज्याने ज्याला मराठीत शिकवले त्याला राज्याने मराठीत कळवावे, यात अवाजवी काही नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि यंत्रणेचा. हाताने उतारे लिहिण्याच्या काळात तो खरा होता. आता ‘भूमी’ प्रणालीत राज्यातले उतारे संगणकावर आहेत. उताऱ्याचे रकाने ठरलेले आहेत, ते एकदा मराठीत केले की झाले. राहता राहिली नावे, आणि कन्नड व देवनागरी या दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच लेकी असल्यामुळे अक्षराला अक्षर जुळते. कन्नडमधले ऱ्हस्व-दीर्घ ए-ओ सोडले तर यंत्राने लिप्यंतर करायला अडचण येऊ नये. नोटिशींचे नमुनेही छापील असतात.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण तोच खरा अडसर आहे : कागद मराठीत दिला तर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्राच्या दाव्याला बळ मिळेल. मी वकील नाही. मात्र एवढे दिसते की, सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राकडे आणि २४७ गावे कर्नाटकाकडे जावीत असे म्हटले, तेव्हाही आणि आजही भाषिक वस्तुस्थिती सगळ्यांना माहीत आहे. ती एका नोटिशीने सिद्ध होणार नाही की एका नोटिशीने झाकली जाणार नाही. दावा चालू राहील. मी स्वतः त्या दाव्याच्या बाजूचा आहे आणि ते लपवत नाही. पण निकाल लागेपर्यंत आम्ही आपले नागरिक आहोत, आपल्याला कर भरतो, आपल्याला मते देतो.

आणि कर्नाटकाची परंपरा याच्या आड येत नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्री चावुण्डराजे करवियले’ ही मराठी ओळ कोरलेली आहे, तिच्याबरोबर कन्नड आहे आणि तमिळही आहे. दर्शनाला येणारा माणूस कोणत्या भाषेचा असेल याचा विचार त्या दगडावर अक्षरे कोरणाऱ्यांनी केला होता. विजापूरच्या आदिलशाहीत फारसी मजकुराबरोबर मोडी मराठी मजकूर असलेले कागद निघत. राजे, धर्म, राजधान्या निराळ्या, तरी रयतेला समजेल असे लिहिण्याची रीत या मातीत होती.

हीच मागणी मी महाराष्ट्र सरकारकडेही करतो. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर येथील कन्नड माणसाला उतारा व नोटीस कन्नडमध्येही मिळाली पाहिजे, आणि तिथल्या कन्नड शाळांना शिक्षक वेळेवर मिळाले पाहिजेत. १९५६ ची हमी दोन्ही बाजूंना आहे. महाराष्ट्राने ती आधी पाळावी, मग कर्नाटकाने, अशी वाट पाहण्यात माणसांची आयुष्ये जातात. आपण आधी पाळलीत तर मुंबईला मागे राहता येणार नाही.

तेव्हा येत्या अधिवेशनात आपल्यापैकी कोणीही, कोणत्याही पक्षाच्या सदस्याने, तीन गोष्टी सभागृहात मांडाव्यात. बेळगाव, खानापूर, निपाणी या तालुक्यांत आणि १५ टक्क्यांचा निकष लागू होणाऱ्या इतर भागांत उतारा व महसुली नोटिसा द्विभाषिक कराव्यात. तोपर्यंत, नोटीस कन्नडमध्येच बजावली गेली असेल आणि खातेदाराने मराठी प्रत मागितली असेल, तर हरकतीची मुदत ती प्रत हाती पडल्याच्या तारखेपासून मोजावी. आणि प्रत्येक तालुका कचेरीत मराठी जाणणारा एक तरी कर्मचारी मदतीसाठी बसवावा, त्याच्या टेबलावर तशी पाटी असावी. यांपैकी दुसऱ्या गोष्टीला पैसा लागत नाही, यंत्रणा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. निदान तेवढे या अधिवेशनात व्हावे.

या पत्राची कन्नड प्रत सोबत जोडली आहे. ती मीच तयार केली आहे. भाषेत काही उणे असल्यास सांभाळून घ्यावे, आशय दोन्हींत एकच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
बेळगाव तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक